गुलाबी कागद, तिसरं बटण

भोवरपाडा, ता. पनवेल
२८ डिसेंबर २०२५

आधी तुझ्या बापाला आवर. नाक्यावर वीस फुटी बॅनर लावलाय. मध्ये तुझी आई हात जोडून, तिच्या मागे तुझा बाप तिच्या दुप्पट, आणि वर कोपऱ्यात गोल चौकटीत मी. चौकटीला फुलांची वेल, खाली लिहिलंय 'आशीर्वाद'. अगो, कोपऱ्यात, गोलात, फुलांत कोण असतं ते साऱ्या गावाला ठाऊक हाय. परवा सकाळी खालच्या आळीतल्या तिघी तोंडं पाडून दारात आल्या आणि मीच त्यांना चहा करून दिला. एक तर चहा संपेपर्यंत डोळे पुसत होती. मी जिती हाय म्हटल्यावर तिचा जरा हिरमोडच झाला.

चि. प्राची हिला आजीचा आशीर्वाद, हा बॅनरवरचा नाय, खरा. आमी सगळी खुशाल. तू नाशकात हापिसात बरी असशील, दुपारचं जेवत असशील असं धरून चालते.

फोन करू नकोस. माझा फोन तुझ्या बापानं, कुंदननं, प्रचाराला नेला, आणि घरातला कुठलाही फोन वाजला तरी तोच उचलतो. दहावीच्या सुट्टीत तू मला जोडाक्षरं शिकवलीस तेव्हा मी तुला शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेते. पत्र कोण चोरून ऐकत नाय.

तर झालं असं. पालिकेची निवडणूक लागली. तुझा बाप पाच वर्षं या पंचक्रोशीतल्या प्रत्येक बारशाला, दहाव्याला नि क्रिकेटच्या बक्षिसाला हजर. आणि चिठ्ठ्या काढल्या तर आपली जागा निघाली बाईमाणसाची. तीन दिवस तो जेवला नाय. चौथ्या दिवशी भाकरी वाढणाऱ्या तुझ्या आईकडे, मनिषाकडे, त्यानं असं टक लावून बघितलं, की अंतरपाट खाली आला तेव्हा पण बघितलं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं, हिचं काय खरं नाय.

उभं राहायचं तर अंगणवाडी सोडावी लागते म्हणे. राजीनामा तुझ्या बापानं लिहिला. तिच्यापुढे धरला तेव्हा ती बोंबील साफ करत होती. हात पुसून सही केली. चौदा वर्षांची नोकरी, बोंबलाच्या वासानं संपली. आता जिंकली तर ठीक. पडली तर ना अंगणवाडी ना पालिका, जन्मभर घरात बसून तुझ्या बापाची भाषणं ऐकायची. त्याचं काय जाणार हाय? तो पडायच्या आधी पण रिकामाच होता.

आता मला एक समजाव. या वेळी चार मतं द्यायची म्हणतात. माणूस एक, बोट एक, मग मतं चार कशी? कुंदनला विचारलं तर बोलला, आये, तू फक्त तुझ्या सुनेचं बघ. म्हणजे त्याला पण माहीत नाय. तू सरकारात हायेस, तुला माहीत असणार.

पौष लागल्यापासून लग्नं बंद, म्हणजे लग्नात धवले गाणारी ही धवलारीण पण रिकामी. म्हणून एवढं लांब लिहिलं. तुझी माया जपून ठेव, माझ्यावरच खर्च कर.

तुझी आजी,
चंद्रावती

•

नाशिक
२ जानेवारी २०२६

ती. आजीस प्राचीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या टेबलावरचा स्वानंद पाणी घेऊन आला. बॅनरबद्दल मी बाबांना काही सांगू शकत नाही, कारण मी सरकारी नोकर. आईच्या प्रचाराचा स्टेटससुद्धा मला ठेवता येत नाही. त्यात इथेही त्याच दिवशी मतदान आहे आणि मला ड्यूटी लागली आहे. मतदार आला की मशीन मोकळं करून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे तू अगदी योग्य माणसाला विचारलंस.

नीट ऐक. आपला प्रभाग मोठा आहे, त्यात आपलं गाव, शेजारचा पाडा आणि ते नवे टॉवर. एवढ्या सगळ्यांचे मिळून चार नगरसेवक. म्हणून चार जागा, अ ब क ड, आणि प्रत्येक जागेसाठी वेगळा कागद. पहिला पांढरा, दुसरा गुलाबी, तिसरा पिवळा, चौथा निळा. प्रत्येक रंगावर एक बटण दाबायचं. चारही दाबली की मगच मशीन वाजतं. कोणीच पसंत नसेल तर त्या रंगावर सगळ्यात खालचं बटण, 'यापैकी कोणीही नाही'. पण दाबायचं. मध्येच निघून आलं तर मशीन अडून बसतं आणि मागची रांग आपल्या नावानं बोंबलते.

आईची जागा ब, म्हणजे गुलाबी कागद.

आता मला एक विचारायचं आहे. हे सगळं आईला हवं आहे का? मी तीनदा फोन केला. तीनदा बाबांनी उचलला आणि आई खूप उत्साहात आहे असं सांगितलं. मागून भांडी घासल्याचा आवाज येत होता. तू विचार, आणि बाबा घरात नसताना विचार.

थंडी फार आहे. तू रात्री मफलर बांधतेस ना? लोभ आहेच, त्यावर थोडं व्याजही चढलं आहे असं समज.

तुझी,
प्राची

•

भोवरपाडा
७ जानेवारी २०२६

चि. प्राची हिला आजीचा आशीर्वाद. मफलर बांधते. पाणी कोणी आणलं ते पण वाचलं. पौष संपू दे, मग बघते त्या पाणीवाल्याकडे.

मनिषाला विचारलं. कुंदन रिक्षावर भोंगा बांधायला गेला होता. ती बोलली, आधी नको होतं. सही केली त्या रात्री तिला रडू पण आलं नाय, एवढी ती दमली होती. पण आता दारोदार फिरतेय तर बाया तिला बाजूला घेऊन सांगतात. कुणाच्या घरामागचं गटार, कुणाच्या पोराचं वजन भरत नाय, कुणाला पहिल्या पाळीला कंपनीत जाताना अंधारातून जावं लागतं. ते ऐकून आता तिला हवं हाय. आणि हवं झाल्यापासून भीती वाटते, कारण तिच्या जागेवर अंगणवाडीत दुसरी बाई येऊन बसली पण.

हवं हाय तर बोल की तोंडानं, असं मी बोलले. कारण सभेत बोलतो तुझा बाप. ती बाजूला गौरीसारखी उभी, मुखवटा हलत नाय. परवा टॉवरमध्ये गेले. तिथल्या बायांनी तिला कचऱ्याचं विचारलं, उत्तर कुंदननं दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा कुंदन. शेवटी एक बाई इंग्रजी मिसळून बोलली, की मॅडमला बोलू द्या, तुमी ड्रायव्हर ना? मनिषाला एवढं हसू आलं की त्या हसण्यातच ती दहा मिनिटं बोलली. त्यातलं मला सगळं कळलं नाय, पण टॉवरवाल्या बायांनी खुर्ची दिली तिला.

आता खरी गंमत. मनिषाचं नाव गुलाबी कागदावर तिसरं आलं. झालं, त्या दिवसापासून भोंगा एकच ओरडतो, तीन नंबर, तीन नंबर. पोरं झोपेत पण तेच बोलतात. मला शंका आली. मी लग्नाच्या मिठाईच्या खोक्यांची पुठ्ठी कापली, चार रंगांचे कागद डकवले, आणि जुन्या चोळ्यांची बटणं शिवून देवळाच्या ओट्यावर मशीन केलं. खरी नावं घालायची नायत एवढी अक्कल मला हाय, म्हणून मासे काढले. पांढऱ्यावर पापलेट, बोंबील, निवटी. गुलाबीवर दुसरे तीन, असे बारा मासे, आणि तळाला रिकामं ताट, म्हणजे कोणीच नाय. वाजायला शेजारची पोरगी मैना बसवली, ती तोंडानं पीऽऽ करते.

चौदा बाया बोलावल्या. काय न सांगता बोलले, जा, मत द्या. अकरा जणींनी पहिल्याच पांढऱ्या कागदावर तिसरं बटण दाबलं, हात जोडले नि घरी चालल्या! गुलाबीपर्यंत त्यातली एक पण पोचली नाय. मनिषाच्या नावानं निवटी निवडून आली. म्हणजे तुझ्या बापाचा भोंगाच तुझ्या आईला पाडणार होता.

मग रोज चार वाजता वर्ग सुरू केला. लग्नात तेलवण झालं म्हणून कोण मांडवातून उठत नाय, हळद हाय, पाणी हाय, पुढचं सगळं हाय. तसंच पीऽऽ होईपर्यंत हलायचं नाय, एवढंच शिकवते. कुणाला मत द्यायचं ते बोलत नाय. चाळीस वर्षं मी धवले गाऊन लग्नं लावली, नवरीकडचं मीठ खाल्लं तसं नवऱ्याकडचं पण. गुलाबीवर मनिषाच्या समोर जी उभी हाय ती किशोरी, खालच्या आळीची. तिचं लग्न मीच लावलंय. म्हणून मनिषाच्या नावाचा धवला गा असं कुंदन बोलला तेव्हा मी त्याला ओट्यावरून खाली उतरवला.

पण काल भडकलाच. वर्गात खालच्या आळीच्या बाया येतात, किशोरीची सासू पण येते. आपल्या घरची म्हातारी विरोधकांना मत द्यायला शिकवते म्हणून सगळ्यांसमोर ओरडला, पुठ्ठी उचलायला लागला. तेवढ्यात मनिषा आली. डोक्यावरचा पदर पण सारखा केला नाय. बोलली, एकदा मला न विचारता माझ्या नावाचा कागद केलात, ते चाललं. आता उमेदवार मी हाय, माझ्या नावावर मला न विचारता काय बंद व्हायचं नाय. वर्ग चालणार, दोन्ही आळ्यांचा चालणार. कुंदन पुठ्ठं हातात धरून तसाच उभा. मैनेला वाटलं चारी बटणं झाली, तिनं पीऽऽ केलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं हाय. पत्राला उशीर करू नकोस, म्हाताऱ्या माणसाच्या लोभाला मुदत असते.

तुझी आजी,
चंद्रावती

•

नाशिक
११ जानेवारी २०२६

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आईचं बोलणं तीनदा.

तुझी मासळीची गोष्ट मी आमच्या ट्रेनिंगमध्ये नाव न घेता सांगितली. साहेब आधी हसले आणि मग गंभीर झाले, कारण आमच्यातल्याच दोघांनी सरावाला तीन बटणं दाबून हात झटकले होते. तुझा वर्ग चालू ठेव. फक्त मतदानाच्या आदल्या दिवसापासून बंद कर, नाहीतर कोणीतरी तक्रार करेल.

एक काळजी वाटते ती लिहिते. तू दोन्ही आळ्यांना शिकवते आहेस, ते बरोबरच आहे. पण बाबांचं गणितही खोटं नाही. खालच्या आळीची मतं नीट पडली तर ती किशोरीमावशीलाच पडणार. आई थोडक्यात पडली तर सगळे तुलाच धरतील, आणि आईकडे तर काहीच उरणार नाही. तुला याचा विचार आला असेलच. आला असेल तर मला नुसतं एवढं कळव की तू झोपतेस ना.

पाणीवाल्याबद्दल काहीही समजू नकोस. लोभ सोसेल तेवढा असावा.

तुझी,
प्राची

•

भोवरपाडा
१७ जानेवारी २०२६

झोपत नव्हते. झालं समाधान?

चि. प्राची हिला आशीर्वाद. तुझी आई निवडून आली. एकशे सात मतांनी. हे आधी लिहिते, नायतर तू शेवटचं पान आधी वाचशील.

आता सावकाश वाच. मतदानाला मी सकाळीच गेले. आपल्या बाया रांगेत बोटांवर रंग मोजत उभ्या, जशा काय सणाच्या रांगोळीला निघाल्यात. आत गेली ती पीऽऽ झाल्यावरच बाहेर. मैना तर खऱ्या मशीनचा आवाज ऐकून नाक मुरडत आली, बोलली, माझा जास्त मोठा. नव्वदीची मावशी चार दाबून वर हापिसरालाच विचारते, अजून एखादं हाय का.

चुकले ते बाप्ये. त्यांना काय शिकायची गरज नव्हती ना! एकेक जण ऐटीत जातो, एक बटण दाबतो नि मिशीला हात लावत येतो; मागून मशीन मुकं. हापिसर बिचारा दारात येऊन हाका मारून मारून बसला. आणि दहा वाजता तुझा बाप गेला. कडक इस्त्री, कपाळाला टिळा. बाहेर येऊन बोट वर करून फोटो काढतोय, तेवढ्यात हापिसर ओरडला, अहो निळे जाकीटवाले, परत या, तुमचं काम अर्धवट हाय! भर रांगेत. तिथं दोनशे माणूस होतं नि त्यातल्या सव्वाशे माझ्या शिकवलेल्या बाया. कोण हसलं नाय. सगळ्या जणी एकदम बोलल्या, पीऽऽ.

निकालाच्या दिवशी किशोरी शेवटपर्यंत पुढे मागे, पुढे मागे. मनिषा देवघरात पण बसली नाय नि टीव्हीसमोर पण. तिनं पुढच्या दारी बसून एक पोतं वाल सोलले. आपण कालवणाला पंधरा दिवस वालच खाणार असं दिसतंय. टॉवरची पेटी उघडली आणि तिथं ती पुढे गेली. ज्यांनी कुंदनला ड्रायव्हर म्हटलं त्यांनीच तारलं. आता कुंदन बोलतो, आयेचा वर्ग नसता तर हजारानं आलो असतो. मैना बोलते, वर्ग नसता तर निवटी आली असती.

किशोरी संध्याकाळी येऊन गेली. डोळे सुजलेले, पण आली. मला वाकून नमस्कार केला, आणि मनिषाला बोलली, वयनी, गटाराचं मी तुला विसरू देणार नाय. मला पोरगी आवडते. पडायला पण अंगात पाणी लागतं.

पण एक गोष्ट घशात अडकली ती तुलाच सांगते. मिरवणूक निघाली. डीजे, गुलाल, फटाके. खांद्यावर घेतला तो कुंदनला. हार कुंदनच्या गळ्यात, घोषणा कुंदनच्या नावाच्या. मनिषा मागून चालत होती, आणि तिच्या हातात काय होतं सांगू? त्याच्या चपला. खांद्यावरून पडल्या त्या तिनं उचलल्या होत्या. मी बघितलं तसं तिनं पण मला बघताना बघितलं.

अजून काय लिहीत नाय. आनंदाच्या पत्रात एवढंच पुरे. लोभ वाढवलास तर तुझ्याही लग्नात गाईन.

तुझी आजी,
चंद्रावती

•

नाशिक
२४ जानेवारी २०२६

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र आलं, पेढे वाटले, आणि मग त्या चपलांच्या ओळीवर थांबले.

काल आईला फोन केला. बाबांनी उचलला. आवाज जाड करून म्हणाले, नगरसेवक बोलतोय, कोण आपण? मी म्हणाले, प्राची बोलतेय, नगरसेविकेला द्या. ते हसले आणि म्हणाले की ती पाहुण्यांचा चहा करते आहे, काय काम आहे ते मला सांग. आजी, मला माझ्या आईशी काय काम आहे ते मी त्यांना काय सांगू?

रात्री आईनं चोरून फोन केला. म्हणाली, शिक्का ह्यांच्याकडेच असतो, लेटरहेडवर सह्या करून ठेवायच्या म्हणाले आहेत, कोऱ्या कागदांवर. पंचवीस केल्या म्हणे. मी चिडले तर तीच मला समजावत होती, की नुकतंच झालंय, घरात कटकट नको. आजी, ती अंगणवाडी सोडून आली आहे ती घरात चहा करायला नाही. मी इथून काय करू? तूच काहीतरी कर, तुझं ते ऐकतात. निदान घाबरतात तरी.

वाट बघते. लोभाचं नंतर बघू.

प्राची

•

भोवरपाडा
२ फेब्रुवारी २०२६

रांगेत पाऊण तास उभी राहिले, आणि काम न करता परत आले, म्हणून हा अर्ज.

सौ. मनिषा कुंदन केणी, नगरसेविका, हिला सासू चंद्रावतीचा आशीर्वाद. मुक्काम तुझाच, मधली खोली, पलंगाखाली माझी वळकटी हाय ती.

एका घरात राहून टपालानं का लिहिते, असं तुला वाटेल. तर ऐक. आज सकाळी मी पाठीमागच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून पुढच्या दारी आले आणि ओटीवर जे तुझं हापिस मांडलंय तिथं सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. टेबलामागे कुंदन. बोलला, आये, इथं काय करतेस, काय काम? मी बोलले, नगरसेविकेकडे काम हाय. तो बोलला, मला सांग, एकच हाय. मी बोलले, एक नाय, मी मशीनवर नीट वाचलं होतं, तिथं तुझं नाव नव्हतं. मग तू आतून चहाचा ट्रे घेऊन आलीस. मला पण एक कप दिलास. साखर बरोबर होती. पण मी चहाला आले नव्हते.

म्हणून आता रिक्षा करून पनवेलला जाते आणि हे स्पीड पोस्टानं टाकते. पोस्टमनला बजावलंय, ज्याचं नाव त्याचीच सही.

आता अर्ज. देवळामागून खाडीकडे जाणारी जी वाट हाय, जिथनं पहिल्या पाळीच्या पोरी तळोज्याच्या गाडीला जातात, तिथं दोन दिवे पाहिजेत. हे तुला पोरींनी सांगितलंय, कुंदनला नाय, कारण त्याला कोण सांगणार पण नाय. पालिकेची पहिली सभा पुढच्या आठवड्यात हाय असं प्राचीनं कळवलं. तिथं तू जाणार, एकटी. कुंदन गाडी चालवेल. ड्रायव्हर म्हणून त्याची ओळख टॉवरमध्ये झालीच हाय. आत बसायला त्याला जागा नाय, आणि तू उभी राहून दिव्यांचं बोलायचं. घाबरलीस तर घाबरत बोल.

कोऱ्या कागदांवर पंचवीस सह्या केल्यास ते मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. ते कागद आज चुलीत गेले. भात छान फुलला.

मी तुला मत दिलं की किशोरीला, ते मी मेल्यावर पण सांगणार नाय. मत गुप्त असतं. पण अर्ज गुप्त नसतो. त्याला उत्तर द्यावं लागतं. तू चौदा वर्षं प्रत्येक पोराचं वजन स्वतःच्या हातानं वहीत लिहिलंस, नवऱ्याला लिहायला दिलं नायस. हे पण तसंच काम हाय, पोरं जरा मोठी हायत एवढंच.

घरची माया घरात, ती वेगळी. ती मागून मिळत नाय नि अर्जानं पण नाय, हायच ती.

चंद्रावती केणी,
मतदार

ता. क. या अर्जाला उत्तर मनिषानंच द्यायचं, तिच्या अक्षरात, तिच्या सहीनं, आठ दिवसांत. कुंदननं द्यायचं नाय, आणि काय लिहू म्हणून त्याला विचारायचं पण नाय.